एका कामाचीं दोन नांवें

भाऊच्या धक्क्यावरून लाँच निघाली कीं सुमारें तासाभरांत मोरा बंदर येतें. १९८९ सालीं जवळच न्हावा-शेवा बंदर सुरू झालें. त्यापूर्वीं उरणच्या या परिसरांत मिठागरें दूरवर पसरलेलीं होतीं. मिठागरांत कामाची वांटणी ठरलेली असे. पुरुषांनीं मीठ ओढावयाचें, बायकांनीं तें पाट्यांत भरून डोक्यावरून राशीपर्यंत वाहावयाचें. एकदां पहिल्याला कसबाचें काम आणि दुसऱ्याला बायकांचें काम म्हटलें, म्हणजे दुसऱ्याची मजुरी कमी धरण्यास निराळें कारण लागत नाहीं. पाटीचें वजन हिशेबांत येतच नाहीं.

स्त्रियांना वेतन कमी कां, असें विचारलें असतां आपण म्हणतों कीं त्या कमी शिकलेल्या असतात, किंवा मुलांपायीं मध्येंच नोकरी सोडतात. हीं कारणें खोटीं नाहींत. २०२३ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनीं दाखविलें आहे कीं पहिल्या अपत्यानंतर स्त्रीपुरुषांच्या मिळकतींतील अंतर वाढूं लागतें. परंतु शिक्षण सारखें, काम सारखें, कचेरीहि एकच, आणि तरी पगार निराळा असेल तर?

असा एक तंटा मोऱ्यासमोरच्या तीरावर, मुंबईंतच, झाला. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज-कंपनींत ऑड्रे डिकॉस्टा या लघुलेखिका होत्या. १९७७ सालीं त्यांची नोकरी संपुष्टांत आली, तेव्हां त्यांनीं तक्रार केली कीं पुरुष लघुलेखकांहून आपणांस वेतन कमी मिळालें. कंपनीचें म्हणणें असें कीं या स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या खासगी लघुलेखिका, म्हणून त्यांचा वर्गच वेगळा. शिवाय कामगार-संघटनेशीं तसा करार झालेला. आणि समान वेतन देण्याची ऐपतहि नाहीं. १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें यांतील एकहि सबब मानली नाहीं. त्या जागांवर केवळ स्त्रिया आहेत, त्या मालकाला तशा हव्या आहेत म्हणून, असें न्यायालयानें स्पष्ट सांगितलें. १९७६ च्या समान वेतन कायद्यापुढें करार टिकला नाहीं, आणि ऐपतीची अडचणहि चालली नाहीं. माझ्या मतें हा निकाल आपल्याकडे जितका माहीत असावयास हवा तितका नाहीं.

हाताच्या कामांत काय करतां येतें, तें महाराष्ट्रानेंच दाखविलें. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली आणि १९७२ च्या दुष्काळांत राज्यभर वाढलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्यानें पक्की झाली. तींत मजुरी कामाच्या मोजमापावर ठरे, आणि दर स्त्रीपुरुषांना एकच. खणलेली माती मोजली, कीं हात कोणाचे हें पाहण्याचें प्रयोजन उरत नाहीं. टोळीची मजुरी एकत्र निघाली, तर ती वांटतांना जुनी संवय डोकावूं शकते, ही गोष्ट निराळी.

ज्यांच्या हातीं नेमणुका आहेत त्यांनीं आपल्या कचेरींतील पदांचीं नांवें बाजूस ठेवून त्या त्या कामांतील कसब, श्रम आणि जबाबदारी तेवढी पाहावी. वेतनश्रेणी उघड्या ठेवाव्या. आणि ज्यांच्या हातीं केवळ स्वतःचें घर आहे, त्यांनीं मोटार हांकणाऱ्याला आणि दोन वेळांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आपण तासाला काय देतों, तें कागदावर मांडावें. हें भाषण लिहावयास बसण्यापूर्वीं मीं तें मांडलें. पुढल्या महिन्यापासून आमच्या बाईंचा पगार वाढवावा लागला आहे.