माळ पडीक नव्हता
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सोलापूरचा मे महिना माझ्या लहानपणीही थंड नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. हवामानावर बोलायला उभा राहिलेला माझ्या वयाचा माणूस "आमच्या वेळी असं ऊन नव्हतं" म्हणून सुरुवात करतो आणि समोरचे तरुण त्याच्या प्रत्येक वाक्यातून निम्मं वजा करू लागतात. ऊन होतं. बेचाळीस-त्रेचाळीस अंश तेव्हाही होत, दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नसे. फरक रात्रीत होता. माळवदावर अंथरूण टाकलं की पहाटे चादर ओढून घ्यावी लागे. आता पहाटे भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. यातला काही वाटा मातीचं माळवद जाऊन आलेल्या स्लॅबचा आहे आणि काही हवेचा. देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं, असं केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो.

आज मला हीच वाटणी करायची आहे. लहानपणापासून डोळ्यांदेखत जे जे नाहीसं झालं, त्यातलं हवेनं किती नेलं आणि आपण किती घालवलं? हल्ली दोन्ही एकाच खात्यावर मांडायची सवय लागली आहे. ती सोयीची आहे, कारण हवा बदलली म्हटलं की कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

माझं बालपण गेलं ते सीना नदीच्या अलीकडच्या माळावर. १९७२ च्या दुष्काळात मी पाचवीत होतो. माळ म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांसमोर उघडीबोडकी, निकामी जमीन येते. आमच्यासाठी माळ म्हणजे गवत. कुसळी, पवना, मारवेल. पावसाळा सरता सरता कुसळी पिवळी पडे आणि तिची कुसळं धोतराला, परकराला, शाळेच्या चड्डीला टोचत घरापर्यंत येत. संध्याकाळी ती एकेक उपटत बसणं हे आमचं ठरलेलं काम. त्या गवतात तितर असत, लावे असत, पायाखालून ऐनवेळी उडणारे चंडोल असत. खोकडाची जोडी बिळाबाहेर ऊन खात बसलेली दिसे. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरत आणि आम्ही मचाणावरून गोफण फिरवत घसा फोडून ओरडत असू. भोरडी इतकी होती, की तिचा आम्हाला राग येई. एखादा पक्षी त्रास वाटावा इतक्या संख्येनं असणं ही केवढी श्रीमंती होती, हे आज कळतं.

आणि लांडगे होते. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर आमच्या शिवारात येत. शेतात मेंढ्या बसवायच्या, त्यांच्या लेंडीखतावर पुढचं पीक काढायचं, त्याबदल्यात धनगराला धान्य द्यायचं, असा रिवाज. रात्री कुत्री भुंकायला लागली की म्हातारा धनगर काठी घेऊन उठे. सकाळी एखादं कोकरू कमी भरे. त्याला लांडगा आवडत होता असं मी म्हणणार नाही. पण लांडगा नसलेला माळ त्यानं कधी पाहिला नव्हता आणि तसा माळ असावा असंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

याच माळावर माळढोक होता. उंचीनं मीटरभर, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत, म्हणजे जगातल्या सगळ्यांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमे आणि तो आवाज लांबवर जाई. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. घरटं नाही, झाड नाही, आडोसा म्हणाल तर फक्त गवताचा. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात जवळच्या नान्नज गावच्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्रफळ होतं ८,४९६ चौरस किलोमीटर.

हा आकडा ऐकून छाती फुगावी, पण इथेच गोष्ट बिघडली. एवढ्या क्षेत्रात गावं होती, पिकाखालची खासगी शेतं होती, रस्ते आणि वसाहती होत्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लहानसहान कामांना परवानग्या लागू लागल्या. ज्याच्या शिवारात तोवर माळढोक सुखानं चरत होता, तो शेतकरी त्याला संकट समजू लागला. त्या शेतकऱ्याला दोष द्यायला मी तयार नाही. पक्ष्याला राखायचं तर त्याच्या शेजाऱ्याला आधी विश्वासात घ्यावं लागतं आणि ते नकाशावर रेघ ओढून होत नाही. पुढे अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी संपत आले होते. गेल्या काही वर्षांत नान्नजला एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. देशभर मिळून दीडशेही उरलेले नाहीत, आणि जे आहेत ते मुख्यतः राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला.

माळढोक कुणी मारून संपवला का? शिकार झाली, ती नाकारता येणार नाही. पण आमच्याकडे मोठा घाव जमिनीवर बसला. सरकारी दप्तरात माळ 'पडीक' म्हणून लिहिला जात होता आणि पडीक म्हटलं की काहीतरी करून तो उपयोगात आणायचा, ही पुढची पायरी आपोआप येते. कुणी त्यावर झाडं लावली. गिरिपुष्प लावलं, सुबाभूळ लावली. वेडी बाभूळ तर कुणी न लावताच पसरली. झाड लावणं पुण्याचं असं आपल्याला शाळेत शिकवलं गेलं. मी स्वतः भूगोल शिकवला आणि दर जुलैला मुलांबरोबर वृक्षारोपणाला गेलो. पण दूरवर नजर ठेवून शत्रू हेरणाऱ्या पक्ष्याच्या माळात झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की तो माळ त्याचा राहत नाही. काळवीट, धाविक, चंडोल यांचंही तेच. शिवाय गवताची मुळं जमिनीखाली खोलवर कार्बन साठवून ठेवतात. हवामानासाठी म्हणून गवताळ माळ मोडून तिथे झाडं लावायची, यात हवामानाचंही भलं होत नाही.

दुसरा बदल पाण्याचा. १९८० च्या सुमारास उजनी धरण झालं आणि ज्वारीच्या जिल्ह्यात ऊस आला. मी त्या पाण्याच्या विरोधात बोलणार नाही. बहात्तर पाहिलेला माणूस पाण्याच्या विरोधात बोलूच शकत नाही. खडी फोडायला गेलेल्या बायकांची रांग मला अजून आठवते. उजनीच्या पाण्यानं नवे पाहुणेही आणले. भिगवणकडे हिवाळ्यात रोहित उतरतात, दूरदूरचे लोक ते पाहायला येतात. म्हणजे सगळंच गेलं, असं नाही. पण कोरडवाहू ज्वारी, मटकी, करडई आणि मधूनमधून पडलेलं गवत, ही जी चौकट माळढोकाला आणि लांडग्याला मानवत होती, ती मोडली.

आता गिधाडं. गावाबाहेर जनावरं टाकायची जागा असे आणि मेलेला बैल दिवसभरात सांगाड्यावर येई. शाळेतून परतताना आम्ही नाक धरून ते बघत उभे राहायचो. नव्वदच्या दशकात गिधाडं दिसेनाशी झाली आणि गावात कुणी म्हणालं उन्हानं मेली, कुणी म्हणालं मोबाइलच्या टॉवरनं. खरं कारण २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातून जगापुढे आलं. गुरांच्या सूज-वेदनेवर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर, म्हणजे पंधरा वर्षांच्या आत, पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशात हजाराला एक या प्रमाणात उरली होती. हवामानाचा इथे काही संबंध नव्हता. एक स्वस्त इंजेक्शन पुरेसं झालं.

मग हवा बदललीच नाही का? बदलली. आणि आमच्या भागात ती उन्हापेक्षा पावसात जास्त दिसते.

आमच्या आजीच्या तोंडी महिने नसत, नक्षत्रं असत. रोहिणीत वळीव, मृगात पेरणीचा पाऊस, मग तरणा, म्हातारा, आसळका आणि शेवटी हस्ताचा म्हणजे हत्तीचा पाऊस, ज्यावर रब्बीची ज्वारी उभी राहायची. सोलापूर पर्जन्यछायेत, त्यामुळे पाऊस तेव्हाही फसवायचा, पण त्याच्या फसवण्यातही एक ओळखीचा क्रम होता. आता खंड मोठे पडतात आणि पाऊस येतो तो कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. हवामान खात्यानं २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखाच बदलल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पंढरपूर-सोलापूर पाण्याखाली गेलं. २०२५ च्या सप्टेंबरात तर सीनेनं माढा-मोहोळकडची शेतं मातीसकट खरडून नेली. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांत होड्या आणून माणसं काढावी लागली.

या पावसाशी बांधलेला एक जीव तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल: मृगाचा किडा. पहिल्या पावसानंतर भिजलेल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालू लागत. तळहातावर घेतला की पाय आखडून बसे. शास्त्रीयदृष्ट्या तो कीटक नाही, कोळ्याच्या वर्गातला जीव आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो मातीत असतो, पाऊस झाला की वर येतो. त्याच्या पिल्लांचं पोषण कीटकांवर होतं, म्हणजे कीटक राहिले तरच तो राहणार. वारंवार ट्रॅक्टरनं उलटली जाणारी, तणनाशक आणि कीटकनाशक पिणारी जमीन त्याच्यासाठी जमीन राहत नाही. त्यात पावसाची पहिली सर मेमध्येच येऊन मग महिनाभर खंड पडू लागला. यातलं कोणतं कारण किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कमजोर झालेल्या जिवाला बदलती हवा लवकर गाठते, असं मला दिसतं. जंगल, माळ, माती शाबूत असती तर तापलेल्या हवेशी सगळे जीव काही काळ झगडू शकले असते. आपण आधी त्यांचं घर काढून घेतलं आणि मग त्यांना उन्हात उभं केलं.

माळढोकाच्या बाबतीत हा पेच शेवटी न्यायालयात गेला. राजस्थान-गुजरातच्या वाळवंटी माळांवर सौर आणि पवन ऊर्जेचे मोठे प्रकल्प आले, त्यांच्या विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला कमी दिसतं आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. तो तारांवर आदळून मरतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या अधिवासातल्या तारा शक्य तिथे जमिनीखाली घालायला सांगितल्या. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समितीकडे काम सोपवलं. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचंही न्यायालयानं म्हटलं. हवा वाचवायला उभारलेल्या तारा आणि हवेत उडणारा पक्षी, दोघांना एकाच आकाशात जागा करून देणं अवघड आहे, खर्चाचं आहे, पण अशक्य नाही. तारा कुठून न्यायच्या हे आधी ठरवता येतं. माळ पडीक आहे असं धरून चाललं, तर मात्र तो विचार सुरूच होत नाही.

जे हरवलं ते आपल्याला जाणवतही का नाही, हे समजायला डॅनियल पॉली नावाचे मत्स्यशास्त्रज्ञ मदत करतात. त्यांनी १९९५ मध्ये एक छोटा लेख लिहिला. मत्स्यतज्ज्ञांची प्रत्येक पिढी आपण काम सुरू केलं तेव्हाचा समुद्रच पूर्ण भरलेला मानते आणि तिथून पुढची घट मोजते, असं त्यांचं निरीक्षण होतं. आपल्याकडेही तसंच. माझ्या नातीसाठी भोरड्यांविना ज्वारी ही नेहमीची ज्वारी आहे. तिला काही हरवलेलं दिसत नाही, कारण तिनं ते पाहिलंच नाही. आणि माझ्या आजोबांच्या माळावर काय होतं, त्यातलं निम्मं मलाही ठाऊक नाही. मारुती चितमपल्ली हे आपल्या सोलापूरचे. त्यांनी आयुष्यभर रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, प्राण्यांची, झाडांची माहिती मिळवून लिहून ठेवली. गेल्या पन्नास वर्षांत जे गेलं त्यातलं बरंचसं नाव न लिहिताच गेलं, म्हणून ते काम मला फार मोलाचं वाटतं.

तुम्हाला एक काम सांगतो. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकांच्या मदतीनं गावाची जैवविविधता नोंदवही करायची असते. माधव गाडगीळांनी या नोंदवह्यांचा विचार लोकांपर्यंत नेला. अनेक ठिकाणी ती घाईघाईनं भरून कपाटात ठेवली गेली आहे. आपल्या गावची नोंदवही पाहायला मागा. तिच्यात माळाचं पान आहे का ते बघा. असेल तर त्यावर कोणती गवतं लिहिली आहेत, की नुसतंच 'गवत' लिहिलं आहे, ते वाचा. गावात सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर भारे वाहिलेल्या बायका आहेत. त्यांना गवत पानावरून ओळखता येतं. भाद्रपद-आश्विनात गवतं तुऱ्यावर येतात, तेव्हा त्यांना बरोबर घेऊन माळावर जा, शाळेतली दोन-चार मुलं वही घेऊन सोबत न्या, आणि त्या जे नाव सांगतील ते त्या सांगतील तसंच लिहून घ्या. कोणत्या गवतात कोणता पक्षी बसायचा हेही विचारा. सांगतील.