बुधवारी रात्री भिजवा, गुरुवारी पेरा



बीजप्रक्रिया म्हणजे काय, हे इथे सांगत बसत नाही. थायरम, रायझोबियम, पीएसबी ही नावं तुम्हाला पाठ आहेत. तुमच्यातले निम्मे आठवडाभर भोसरी-चाकणला मशीनवर असतात आणि सुट्टीला खेड, मावळ, जुन्नरच्या रानात. मला तुम्हाला एकच गोष्ट पटवायची आहे : जिरायतीत हरभरा कोरडाच पेरणं हा आपला सगळ्यात महागडा आळस आहे.

ऑक्टोबरच्या उन्हात वरची ओल झपाट्याने उडते. कोरड्या बियाचे पहिले काही तास नुसतं पाणी पिण्यातच जातात. तेवढं काम बादलीत उरकलं, तर मुळी ओलीच्या मागे वेळेत खाली उतरते. डेव्हिड हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्यांबरोबर हेच करून पाहिलं. रात्री भिजवायचं, सकाळी उपसून वरचं पाणी सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. आपल्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी, म्हणजे बुधवारची रात्र हाताशी आहे.

(मागून आवाज : ‘ओव्हरटाइम लागला तर?’ हशा.)

चांगलं विचारलंत. खेड तालुक्यातल्या एका फिटरचं असंच झालं. हरभरा बादलीत आणि हा कारखान्यात अडकलेला. त्याच्या बायकोने सकाळी बी उपसलं, सावलीत खडखडीत वाळवलं आणि ठेवून दिलं. पेरणी काही दिवसांनी झाली, तरी उगवण झकास. मोड यायच्या आत बी वाळवलं, तर ते थोडे दिवस थांबतं. माउलीने शिवार वाचवलं. (टाळ्या.) पण गोष्ट इथे संपत नाही. हुरूप आला आणि पुढच्या जूनमध्ये गड्याने सोयाबीन रात्रभर भिजवलं. सोयाबीनचं साल पातळ. पाणी एकदम आत घुसतं, पेशी फाटतात, डाळी सुटतात. निम्मं रान मोकळं राहिलं. तेव्हापासून तो गावभर सांगतो, भिजवणं खोटं! भिजवणं खोटं नाही, पीक चुकलं. सोयाबीन आणि भुईमूग भिजवू नका, हे घरी जाऊन दहा जणांना सांगा.

या गोष्टीत बराच वेळ गेला, म्हणून वराहमिहिराने बृहत्संहितेत बी दुधात भिजवायला सांगितलंय त्याचा नुसता उल्लेख करतो आणि जस्ताकडे येतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत जस्त असून पिकाला मिळत नाही. मग ते भिजवायच्या पाण्यातूनच का देऊ नये? पाकिस्तानातल्या प्रयोगांत हरभऱ्याला 0.05 टक्के आणि गव्हाला 0.3 टक्के जस्ताचं पाणी वापरलं. गव्हाला चाललेली मात्रा हरभऱ्याच्या सहापट आहे, म्हणून अंदाजाने मूठभर टाकू नका. नेहमीच्या झिंक सल्फेटमध्ये जस्त 21 टक्के असतं. हरभऱ्याला लिटरमागे अडीच ग्रॅमच्या आतच राहा.

(प्रश्न : ‘कंपनी प्रक्रिया करूनच पिशवी देते, मग पुन्हा कशाला?’)

साहेब, रंग लावलेलं बी भिजवा असं मी म्हटलेलंच नाही. ते भिजवू नकाच. औषध पाण्यात उतरेल, हाताला लागेल. मी घरच्या बियाण्याबद्दल बोलतोय. आणि बादलीभर पाण्यात कुणाचाच नफा नाही, म्हणून ते सांगायला तुमच्या दारात कुणी येत नाही. मला याचा राग येतो, आणि तो यावाच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं. मावळकरांनो, जून तोंडावर आहे, तुमचं भात राहिलं. वडगाव मावळच्या केंद्राने 1987 मध्ये इंद्रायणी दिली. तिचं घरचं बी रोपवाटिकेत टाकण्याआधी दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात सोडा. तरंगेल ते काढा, बुडेल ते दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. बुरशीनाशक त्यानंतर आणि जिवाणू खत सगळ्यात शेवटी, हा क्रम उलटू नका.

हरभऱ्याला आठ तास पुरे. माझ्या शब्दावर अख्खं रान भिजवू नका. चार तासं भिजवलेल्या बियाची, शेजारी चार कोरड्याची, एकाच दिवशी, एकाच पाभरीने. आठव्या दिवशी दोन्हीकडची रोपं मोजा. आकडे उलटे आले तरी मला कळवा, मला तेही हवे आहेत.