दिवाणियाच्या दाराशी



आखातातल्या बायकांचा विषय निघाला की आपण लगेच बुरख्यावर घसरतो. मला कुवेतमधल्या एका बैठकीबद्दल बोलायचं आहे.

तिथे विद्यापीठात मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. २००५ मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, २००९ मध्ये चौघी संसदेत निवडून आल्या. २०२० मध्ये मात्र एकही नाही. मग अडतं कुठे?

संध्याकाळी घरोघरी ‘दिवाणिया’ भरते. आपल्या चावडीसारखी, चहा-कॉफी घेत चालणारी पुरुषांची बैठक. नोकरीसाठी शब्द टाकणं, धंद्याच्या ओळखी, कुणाला पुढे आणायचं, सगळं तिथे जमतं. कचेरीत नंतर बरेचदा नुसता शिक्का उमटतो.

भरीला २०१० चा कामगार कायदा. त्याने इस्पितळासारखे अपवाद सोडून बायकांना रात्री १० ते सकाळी ७ कामाची बंदी घातली. म्हणे संरक्षण! (आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही असंच कलम होतं.) रात्रपाळी न केलेल्या बाईला कारखान्याची प्रमुख कोण करणार?

काहीजणी आता स्वतःच्या दिवाणिया भरवतात, पुरुषांनाही बोलावतात. मला हे एखाद्या राखीव खुर्चीपेक्षा मोलाचं वाटतं.