काम बंद करण्याचंही एक काम असतं

(कागदपत्रं मदत केंद्राच्या समारोपाच्या बैठकीत कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



सत्कार, प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो सगळं उरकलंय. आता मला मोकळेपणी बोलता येईल. तुमचं मदत केंद्र या महिन्याअखेर बंद होतंय. आपल्याकडे काम सुरू करायला माणसांची कमी नसते. फीत कापायला पुढारी येतात, समारोपाला बिर्याणी असते. पण या दोन्हींच्या मध्ये काम नीट बंद करण्याचं जे काम असतं, ते कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. त्याबद्दल बोलायचंय, आणि त्यासाठी तुम्हाला जरा लांब न्यायचंय, देवीच्या रोगापर्यंत.

घरातल्या साठीपुढच्या माणसांचा दंड बघा. गोल, खोलगट वण दिसेल. (तुमच्या दंडावर असतो तो बहुधा बीसीजीचा, तो वेगळा.) आजी म्हणायची, ‘लहानपणी देवी काढल्या होत्या.’ जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ साली या रोगाविरुद्ध जोर लावला आणि दहा वर्षांत निसर्गातून लागण झालेला शेवटचा रुग्ण सापडला. एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. मला त्यातलं शेवटाकडचं सांगायचंय.

रुग्ण कमी होत गेले तसं भारतात रुग्ण कळवणाऱ्याला द्यायचं बक्षीस वाढवत नेलं. शेवटी ते हजार रुपयांवर गेलं. त्या काळातले हजार रुपये! उलटं वाटतं ना? पण रोग गल्लोगल्ली असतो तेव्हा तो शोधायला बक्षीस लागत नाही. तो दुर्मीळ झाला की सगळ्यांना वाटतं, संपला. मग कुणी दार ठोठावत नाही. म्हणून आरोग्य कर्मचारी रुग्ण बालकाचा फोटो असलेलं कार्ड घेऊन घरोघर जात आणि विचारत, असा कुणी पाहिलाय का? १९७५ च्या ऑक्टोबरात बांगलादेशातल्या भोला बेटावर रहिमा बानू या चिमुरडीला देवी आल्याची खबर दिली ती बिल्किसुन्निसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने. तिला २५० टका मिळाले. देवीच्या जास्त घातक प्रकाराचा, निसर्गातून लागण झालेला, तो जगातला शेवटचा रुग्ण.

भारतातली शेवटची रुग्ण त्याआधीच, मे १९७५ मध्ये, आसामातल्या करीमगंज रेल्वे स्थानकावर सापडली होती. बांगलादेशातून आलेली निराधार बाई. पण आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त असल्याचं मान्य केलं ते एप्रिल १९७७ मध्ये. मधली जवळजवळ दोन वर्षं एकही रुग्ण नव्हता, आणि तरी शोध चालूच होता. नियमच तसा होता: शेवटच्या रुग्णानंतर दोन वर्षं कसून शोधा, मग बोला. ‘रुग्ण नाहीत’ आणि ‘आम्हाला दिसले नाहीत’ या दोन वाक्यांत जो फरक आहे, त्यासाठी ही दोन वर्षं मोजली.

आता तुमचं रजिस्टर काढा. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘अर्ज दिला’ असं आहे. अर्ज दिला म्हणजे दाखला मिळाला का? शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, म्हणून ज्यांना राजपत्रात नाव बदलून आणायला सांगितलं, त्यांच्यातल्या किती बायका परत आल्या? ज्या आल्या नाहीत त्यांचं काम झालं म्हणून आल्या नाहीत, की तिथेच दमल्या? रजिस्टर काही सांगत नाही. त्यासाठी दारात जावं लागेल. हा शोध शेवटच्या चार दिवसांत होत नाही, त्याला वेगळी माणसं आणि वेगळे दिवस नेमून द्यावे लागतात.

सोमालियातली गोष्ट मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. मर्का शहरातल्या रुग्णालयात अली माओ मालीन नावाचा तेवीस वर्षांचा स्वयंपाकी होता. ऑक्टोबर १९७७ मध्ये देवीच्या दोन रुग्णांना घेऊन एक गाडी तिथे आली, चालकाला पुढचा रस्ता माहीत नव्हता, हा वाट दाखवायला गाडीत बसला. काही मिनिटांचा प्रवास. पुढे ताप आला, मलेरिया समजले. पुरळ आलं, कांजिण्या समजले. शेवटी त्याच्याच ओळखीच्या एका परिचारकाने खबर दिली. निसर्गातून लागण झालेला देवीचा जगातला शेवटचा रुग्ण तो हाच. रुग्णालयातल्या माणसांनी लस घेतलेलीच असायला हवी होती, याने चुकवली होती. टोचताना दुखेल अशी भीती वाटली, असं त्याने नंतर सांगितलं.

म्हणजे सारं जग पालथं घालणाऱ्या मोहिमेची फट कुठे निघाली, तर रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मग त्याच्या संपर्कात आलेली १६१ माणसं हुडकली, दोन आठवड्यांत ५४,७७७ जणांना टोचलं. कुणालाही लागण झाली नाही. अली बरा झाला. पुढे पोलिओच्या मोहिमेत स्वयंसेवक झाला आणि आईबापांना आपलीच हकिगत सांगून लस द्यायला तयार करू लागला. २०१३ मध्ये, पोलिओचंच काम करत असताना, तो मलेरियाने गेला. तुमच्यापैकी कितीजणांची स्वतःची, घरातल्या आई-खालाची कागदपत्रं नीट आहेत? हात वर करू नका, घरी जाऊन बघा.

आता कपाटाकडे येऊ. १९७८ मध्ये, देवी निसर्गातून गेल्यावर, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये जॅनेट पार्कर या छायाचित्रकार बाई देवीने वारल्या. त्या विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत काम करत आणि त्याच इमारतीत देवीच्या विषाणूवर संशोधन चालायचं. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांतले साठे नष्ट तरी केले गेले किंवा हलवले गेले. आता अधिकृतपणे दोनच जागी ते आहेत, एक अमेरिकेत, एक रशियात. आणि तरीही २०१४ साली अमेरिकेत सरकारी आवारातल्या एका शीतगृहात, विसरलेल्या खोक्यात, देवीच्या विषाणूच्या जुन्या कुप्या सापडल्याच.

तुमचं खोकं म्हणजे झेरॉक्सचे गठ्ठे. आधार, रेशनकार्ड, पासबुकचं पहिलं पान. शिवाय प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये लोकांच्या कागदांचे फोटो आणि ती एक्सेल शीट: नाव, नंबर, गल्ली, घरात किती माणसं. निवडणूक आली की अशा यादीवर किती जणांचा डोळा असतो ते मी सांगायला नको. गठ्ठे रद्दीत घालाल तर कुणाच्या तरी आधारकार्डात भेळ बांधलेली मिळेल. मूळ कागद सही घेऊन परत द्या, झेरॉक्स फाडून टाका, फोटो आणि शीट प्रत्येकाच्या फोनमधून पुसा, प्रलंबित अर्जांपुरती एकच प्रत एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. माहिती ज्या कामासाठी घेतली ते संपलं की ती पुसायची, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचंही तत्त्व आहे. पण कायदा नसता तरी लोकांची अमानत ती अमानतच.

अहवालाबद्दल थोडंच बोलतो. देवीच्या मोहिमेचा इतिहास १९८८ मध्ये छापला गेला, १४६० पानांचा ग्रंथ. त्यात फसलेलंही लिहिलंय: नुसतं सरसकट टोचत सुटल्याने भारतात रोग हटत नव्हता, रुग्ण शोधून त्याच्याभोवती कडं केल्यावर हटला. तुमच्या अहवालाचा मसुदा मी वाचला. ‘मोलाचे सहकार्य लाभले’ नऊ वेळा आलंय. त्याऐवजी कुठला अर्ज कुठल्या कारणाने परत आला, कुठल्या खिडकीवर कुठला कागद जास्तीचा मागतात, कुठल्या वस्तीतलं शिबिर रिकामं गेलं आणि का, हे लिहा. पुढच्या गावात कुणी केंद्र काढलं तर ती चार पानं त्यांच्या उपयोगाची.

एक मात्र आहे, देवीची तुलना इथे संपते. देवी खरंच गेली, दाखल्यांची गरज जाणार नाही. एक तारखेला कुणीतरी तुमच्या बंद दारापाशी येईलच. तेव्हा दारावर मराठीत आणि उर्दूत मोठ्या अक्षरात पाटी हवी: जवळचं सेतू केंद्र कुठे, त्याची वेळ काय, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता. तिथे बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने, आणि हे आपल्या मोहल्ल्यात फार थोड्यांना माहीत आहे. पाटी कोण रंगवणार ते चहाआधी ठरवा. प्रलंबित अर्जांची यादी मी गल्लीवार लावून आणलीय, तीही आत्ताच वाटून घेऊ.