धुराचा हिशेब



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, ते गुरुजी आम्हांला गणित शिकवीत. चाचणीच्या वह्या ते आमच्याकडूनच तपासून घेत. परंतु कोणाचीही वही त्याच्या बाकावरच्या सोबत्याच्या हाती पडणार नाही, याची दक्षता घेत. तपासून झालेल्या वह्यांपैकी चार-पाच ते स्वतः पुन्हा पाहत आणि त्या कोणत्या, हे आधी कोणालाच ठाऊक नसे. आजच्या विषयाचे निम्मे सार त्या पद्धतीत होते, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

कारखान्याच्या खतावणीत कोळसा, मजुरी, व्याज आणि कर यांची नोंद असते. धुराची नसते. पण म्हणून धूर फुकट असतो असे नाही. त्याची किंमत शेजारच्या वस्तीतील मुलाचे फुप्फुस भरते, दवाखान्याचे बिल भरते. ए. सी. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्ये ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात असा विचार मांडला की, इतरांवर लादलेला हा खर्च कररूपाने निर्मात्याच्याच अंगावर टाकावा. उत्सर्जनशुल्काची कल्पना तेथून पुढे वाढली.

आपल्याकडे 1974 मध्ये जलप्रदूषणाचा आणि 1981 मध्ये वायुप्रदूषणाचा कायदा झाला. दोहोंचा भर मर्यादा ठरविणे आणि ती मोडणाऱ्यास शिक्षा करणे यांवर होता. शिक्षा म्हणजे खटला किंवा टाळे. अपराध लहान असला तरी हत्यार हेच. साहजिकच ते उगारले जाई अधिक आणि चालविले जाई कमी. आर्थिक साधनेही वापरली गेली. 1977 च्या कायद्याने पाण्यावर उपकर बसला. 2010 पासून कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर आला आणि 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर गेला. पण 2017 मध्ये वस्तू व सेवा कर लागू होताना पाण्यावरचा उपकर संपला आणि कोळशावरच्या उपकराचे उत्पन्न स्वच्छ ऊर्जेऐवजी राज्यांच्या महसूलभरपाईकडे वळले. पुढे 2025 मध्ये तोही गेला. त्यातील मूळ उणीव मात्र निराळीच होती. तो उपकर कोळशावर होता, धुरावर नव्हता. धूळ अडविण्याची यंत्रणा नीट चालविणारा आणि ती बंद ठेवणारा, दोघेही टनामागे सारखेच पैसे भरत. मग पहिल्याने यंत्रणा का चालवावी?

शुल्क धुरावर बसवायचे तर धूर मोजला पाहिजे. येथे गुरुजींच्या वह्या आठवतात. गुजरातेत कारखान्यांची पर्यावरण-तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकाची निवड कारखानाच करी आणि मेहनतानाही तोच देई. 2009 ते 2011 या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने एक प्रयोग केला. काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे नेमून दिले, त्यांचे पैसे सामाईक निधीतून दिले आणि काही नोंदींची फेरतपासणी केली. परीक्षक खरे आकडे लिहू लागले आणि त्या कारखान्यांचे प्रदूषणही घटले. माणसे बदलली नव्हती. पैसे कोणाच्या हातून मिळतात, एवढेच बदलले होते.

याच्या पुढचे पाऊल आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर, सुरतेत पडले. तेथील कापड-रंगाईच्या कारखान्यांतील बॉयलर कोळसा आणि लिग्नाइट जाळतात. 2019 मध्ये तेथे धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला. सुमारे तीनशे कारखान्यांपैकी निम्मे चिठ्ठ्यांनी निवडून या योजनेत घेतले आणि उरलेले जुन्याच नियमांखाली राहिले. चिमण्यांवर अखंड मोजणारी यंत्रे बसविली. सर्वांनी मिळून किती धूळ सोडावी याची मर्यादा मंडळाने ठरविली आणि तेवढेच परवाने दिले. ज्याची धूळ परवान्यांहून कमी, त्याने उरलेले विकावेत; ज्याची जास्त, त्याने विकत घ्यावेत. तूट राहिली तर भरपाई आधी ठेवलेल्या अनामतीतून कापली जाई.

यात बचत कोठे आहे? समजा, एका कारखान्याला किलोभर धूळ अडवायला 10 रुपये लागतात आणि दुसऱ्याला 40. दोघांनी हजार-हजार किलो अडविली तर खर्च 50,000 रुपये. पहिल्यानेच दोन हजार किलो अडविली तर 20,000. हवेला लाभ तेवढाच. आणि वाचलेल्या तीस हजारांची वाटणी दोघे परवान्याच्या भावातून करून घेतात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार योजनेतील कारखान्यांची धूळ इतरांच्या तुलनेत 20 ते 30 टक्क्यांनी घटली आणि जवळजवळ सर्वांनी आपल्या उत्सर्जनाएवढे परवाने वेळेवर जमा केले.

“म्हणजे पैसे मोजून पाप करण्याची मुभाच की!” हा आक्षेप मी आजवर अनेक सभांतून ऐकला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पारा किंवा क्रोमियमसारख्या विषांचा बाजार मांडू नये; तेथे बंदीच हवी. शिवाय शहराची एकूण धूळ घटली, तरी परवाने विकत घेणाऱ्या एखाद्या चिमणीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे दुःख त्या बेरजेत दिसत नाही. त्यांच्यासाठी स्थानिक मर्यादा कायम ठेवल्याच पाहिजेत. पण आक्षेप घेणाऱ्यांना मी एकच विचारतो. ज्या धुराची किंमत कोणी मागतच नव्हते, तो आजवर कोणत्या नीतीने सोडला जात होता?

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या कारखाने चालवाल, काही तपासनीस व्हाल, काही त्या चिमण्यांशेजारी राहाल. शुल्क असो, परवाना असो वा दंड, त्याचा पाया खरा आकडा हाच आहे. तो आकडा लिहिताना आपली वही कोणीतरी पुन्हा पाहणार आहे असे समजून लिहा. आणि कोणी पाहणार नसले, तरी तोच लिहा. गुरुजींची शिकवण माझ्यापुरती तरी एवढीच आहे.