लासूर ते देवगिरी



मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना दौलताबादच्या आधी लासूर स्टेशन लागतं. बाजारपेठेचं गाव. इतिहासकार मानतात की 1296 साली देवगिरीवर चालून आलेल्या अल्लाउद्दीन खलजीला पहिला अडथळा झाला तो इथंच. देवगिरीच्या यादवांचा इथला अधिकारी कान्हा आपली तुटपुंजी फौज घेऊन आडवा आला. त्याच्या सैन्यात दोन स्त्रिया होत्या आणि त्या वाघिणीसारख्या तुटून पडल्या, असं इसामी लिहितो. हा इसामी दिल्लीहून दौलताबादेत आणलेल्या लोकांपैकी एक. शत्रूपक्षाच्या या कवीनं त्या दोघींचं शौर्य टिपून ठेवलं. नावं मात्र त्यानंही दिली नाहीत, याची मला फार हळहळ वाटते.

कान्हा हरला आणि देवगिरीची, म्हणजे आजच्या दौलताबादची, वाट मोकळी झाली. राजा रामचंद्रदेव गडावर होता, पण मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेलं. अल्लाउद्दीन तेव्हा कडा प्रांताचा सुभेदार. चुलत्याला, म्हणजे दिल्लीच्या सुलतानाला, न कळवताच तो एलिचपूरमार्गे इथवर आला होता. मागून सुलतानाची वीस हजारांची फौज येते आहे, अशी हूल त्यानं उठवली. राजानं खंडणी कबूल केली.

तेवढ्यात शंकरदेव परतला. वडिलांनी तह पाळायला सांगूनही त्यानं लढाई दिली. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, यादवांची सरशी होत आली होती. गडाला वेढा देऊन बसलेला अल्लाउद्दीनचा सरदार नुसरतखान हजार स्वार घेऊन मैदानाकडे धावला. उडालेली धूळ पाहून यादवांना वाटलं, दिल्लीची ती मोठी फौज आली! हजार स्वारांच्या धुळीनं जिंकत आलेली लढाई हातची गेली. गडावर घाईघाईनं नेलेली पोती उघडली, तर धान्याऐवजी मीठ निघालं. आता शरणागतीशिवाय मार्ग नव्हता.

अनेकजण मिठाच्या पोत्यांना दोष देतात. मला तो पटत नाही. विंध्य ओलांडून घोडदळ येतं आणि राजधानीला त्याची खबर लासूरच्या घाटात लागते, ही खरी चूक. हेमाद्रीसारखा विद्वान ज्याच्या दरबारी होता, ज्याचं नाव ज्ञानेश्वरीत आलं आहे, त्या रामचंद्रदेवाच्या राज्याला उत्तरेकडे डोळे नव्हते.

इंग्लंडमध्ये 1485 साली बॉसवर्थच्या मैदानात तिसरा रिचर्ड पडला आणि प्लँटाजेनेट घराण्याचं राज्य त्याच दिवशी संपलं. देवगिरीचं तसं झालं नाही. राजा जगला, गादी राहिली, पण राज्य दिल्लीच्या मर्जीवर चालू लागलं. 1307 साली, आता सुलतान झालेल्या अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर रामचंद्रदेवाला दिल्लीला घेऊन गेला. ‘रायरायान’ हा किताब घेऊन राजा परतला. पुढं काफूर होयसळांवर चालून गेला, तेव्हा वाट दाखवायला यादवांचाच सरदार परसदेव दळवी होता. म्हणून यादवांचा शेवट मी 1296 च्या त्या लढाईपासूनच मोजतो.

शंकरदेवानं मात्र मान तुकवली नाही. बापाच्या माघारी तो काफूरशी लढताना मारला गेला. मग रामचंद्रदेवाचा जावई हरपाळदेव उठला. अल्लाउद्दीनच्या मृत्यूनंतर दिल्लीत गोंधळ माजला होता, ती संधी त्यानं साधली. 1318 साली सुलतान मुबारकशहा स्वतः दक्षिणेत उतरला, त्यानं हरपाळदेवाला पकडून हाल हाल करून मारलं आणि देवगिरीवर आपला सुभेदार नेमला.