स्कूटरचा झिजलेला क्लच

हुबळीहून कारवारकडे निघालेला रस्ता तीसेक किलोमीटरवर कलघटगीस पोचतो. रंगीत लाकडी पाळण्यांसाठी नामांकित असलेले हे तालुक्याचे गाव मलनाडच्या उंबरठ्यावर आहे. बिनगिअरची स्कूटर आता अशा गावांतही घरोघरी असते. शाळेतल्या बाई तिच्यावरूनच कामास जातात, आणि पायांपाशी खताचे पोते ठेवून शेतावर निघालेला शेतकरीही तिच्यावरूनच जातो. काही वर्षे असा भार वाहिल्यावर एक तक्रार सुरू होते. मूठ पिळली की एंजिन ओरडते, गाडी मात्र जागची हलावयास वेळ लावते. ‘क्लच गेला’ असे निदान तत्काळ होते आणि सगळा संच बदलण्याचा खर्च मालकापुढे उभा राहतो. हे निदान पुष्कळदा अर्धेच खरे असते.

वस्तुतः या स्कूटरमध्ये क्लच एकटा नसतो. एंजिनाच्या दांड्यावर एक पुली, मागच्या चाकाशी दुसरी, आणि दोहोंना जोडणारा रबरी बेल्ट. एंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात, पुलीची एक तबकडी सरकते, बेल्ट वर चढतो आणि वेग वाढतो. मागच्या पुलीला लागून खरा क्लच असतो. त्याचे शू फिरता फिरता पसरतात आणि बाहेरच्या ड्रमला पकडतात. हॉलंडच्या हुब व्हान डोर्न यांनी 1958 साली डाफ कंपनीच्या लहान मोटारीत ही बेल्ट-पुलीची योजना आणली. भारतात कायनेटिक आणि होंडा यांच्या 1984 मधील भागीदारीतून ती स्कूटरवर आली, व 2001 मध्ये आलेल्या ॲक्टिव्हाने तिला गावोगाव नेले. गुलमर्गच्या बर्फावर प्रवाशांना फिरवणाऱ्या स्नो-स्कूटरचे अंतरंगही असेच. फक्त तेथे निराळे शू नसतात, मंद फेऱ्यांत पुढची पुलीच बेल्टला सैल सोडते.

तेव्हा काय झिजले हे आधी ओळखले पाहिजे. गाडी सुटताना थरथरत असेल तर संशय शू आणि ड्रमवर घ्यावा. सुटते नीट, पण पूर्वीचा वेग गाठत नाही, असे असेल तर बेल्ट अरुंद झाला असण्याचा संभव अधिक. वेग धक्क्याधक्क्याने वाढत असेल तर रोलर पाहावेत. गोल असावयाचे ते एका बाजूस चपटे झालेले आढळतात. आणि ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर लगेच घसरण सुरू झाली असेल, तर कदाचित काहीच झिजलेले नाही. आत पाणी शिरले आहे, ते सुकवले की पुरे.

बेल्टची दुरुस्ती नसते. कडेला भेगा पडलेला, धागे सुटलेला अथवा उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अरुंद झालेला बेल्ट काढून टाकावा. यल्लापूरपलीकडच्या अरबैल घाटात तो तुटला तर एंजिन फिरत राहते आणि चाकाला त्यातले काहीही पोचत नाही. रोलर एकेकटे बदलू नयेत. वजनाचा मेळ बिघडतो. पूर्ण जोडच घ्यावा, आणि तोही त्याच वजनाचा. शू नुसते चकाकले असतील तर खरकागद फिरवून काही काळ निभते, मात्र लायनर पातळ झाल्यावर तो उपाय म्हणजे दिवस ढकलणे होय. ड्रम उष्णतेने निळा पडला असेल किंवा त्यावर खोल चरे असतील, तर नवे शू त्याच्यावर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. उलट, मागच्या पुलीतल्या तिरप्या खाचा पुष्कळदा केवळ ग्रीस वाळल्याने अडतात. त्या स्वच्छ करून, थोडे नवे ग्रीस लावून जुनीच पुली पुन्हा चालू शकते. कारागिराचे कसब अशा ठिकाणी दिसते; नवा संच बसवणे त्या मानाने सोपे.

झाकण उघडताच काळी भुकटी दिसते. हवेच्या नळीने ती उडवून देण्याची चाल सर्वत्र आहे, आणि ती घातक आहे. क्लच व ब्रेकच्या अनेक लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरीत आले आहेत. भारतात त्याच्या वापरावर अद्याप सरसकट बंदी नाही. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की कर्करोगाचा धोका संभवतो, आणि तो वर्षानुवर्षांनी प्रकट होतो. गाडीचा मालक एकदा येऊन जातो. गॅरेजमध्ये हवा सोडणारा शिकाऊ पोरगा मात्र रोज तेथेच असतो. ओल्या फडक्याने ती भुकटी पुसून घेण्यास पाच मिनिटे जास्त लागतात एवढेच.

पुलीचा नट सोडवताना तिच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवू नये, पाती तुटतात. पुली धरण्याचे हत्यार मिळते. मागच्या क्लचची स्प्रिंग दाबात असते, म्हणून ती शिकंज्यात धरूनच उघडावी, नाहीतर ती तोंडावर उडते. बेल्टला व पुलीच्या तबकड्यांना ग्रीसचा हात लागू देऊ नये. सगळे बसवल्यावर गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि एंजिन मंद ठेवावे. मागचे चाक जोराने फिरू लागले तर एंजिनाचे फेरे जास्त आहेत किंवा शूंच्या स्प्रिंगा ढिल्या आहेत. झाकण लावण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.